बॅजवरचं नाव : मृण्मयी यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मृण्मयी, तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली होती. तेव्हा उत्तर लिहायला बसले नाही, कारण तुमचं एक वाक्य मनाला लागलं होतं आणि रागाच्या भरात काहीतरी लिहून गेले असते.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. २००४ च्या सप्टेंबरमध्ये बॉस्टनला वर्ल्डकॉन, म्हणजे जागतिक विज्ञानकथा संमेलन, भरलं होतं. तिथे मी काढलेले फोटो ‘फॅनॅक’ या विज्ञानकथाप्रेमींच्या ऑनलाइन संग्रहाला देणार आहे, असं मी मागच्या लेखात लिहिलं आणि त्यातले चार नावांसकट टाकलेही. त्यावर मृण्मयींचं म्हणणं असं: ज्यांना विचारलंही नाही त्यांचे चेहरे आणि नावं जगापुढे मांडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? वीस वर्षांपूर्वीच्या चहापानाचे धूसर फोटो कुणाच्या कामाचे? आणि एवढी तळमळ आहे तर आपल्या मराठी विज्ञानकथेच्या मेळाव्यांचे फोटो का नाही जपत?

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि त्यात तुम्ही मला चूक दाखवली आहे. तिसरा फोटो मी काढून टाकलाय.

त्या फोटोत स्वयंसेवकांच्या खोलीत एक बाई कागदी थाळी घेऊन भिंतीला टेकून उभी आहे. बूट काढून ठेवलेत, डोळे मिटत आलेत. तिच्या बॅजवर टोपणनाव आहे. मी मात्र फोटोखाली तिचं खरं नाव आणि आडनाव लिहिलं होतं, कारण आमचा नंतर पत्रव्यवहार झाल्यामुळे ते मला माहीत होतं. लिहिताना वाटलं, पूर्ण नाव म्हणजे पक्की नोंद. तुमची प्रतिक्रिया वाचून तो बॅज परत मोठा करून पाहिला. संमेलनाला येताना काय नाव लावायचं ते तिनं स्वतः ठरवलं होतं आणि मी ते परस्पर बदललं. या मंडळींमध्ये वर्षानुवर्षं टोपणनावानं वावरणारे कितीतरी जण असतात. कुणाला नोकरीच्या ठिकाणी हा छंद कळू द्यायचा नसतो, कुणाचं घरच्यांशी पटत नसतं. टोपणनावामागचं खरं नाव उघड करायचं की नाही हे त्या माणसानं ठरवायचं. माझी चूक झाली, आणि ती तुम्ही बोलून दाखवलीत याबद्दल मनापासून आभार.

पण तिथून पुढे ‘कुणाचेच फोटो देऊ नका’ असं जे तुम्ही म्हणता, ते मला पटत नाही. वेशभूषा स्पर्धेत रंगमंचावर येऊन उभा राहिलेला माणूस बघितलं जावं म्हणूनच आलेला असतो. जिन्यात बसून पेंगणारा तसा आलेला नसतो. हा फरक मी आता एकेका फोटोला लावून बघतेय. शिवाय माझ्या कपाटात एका ज्येष्ठ मित्रानं दिलेले काही जुने प्रिंट आहेत, ते मी पाठवतच नाही. प्रिंट माझ्याकडे असली तरी हक्क फोटो काढणाऱ्याचा असतो, आणि ते फोटो त्यानंही काढलेले नाहीत.

आता ‘कुणाच्या कामाचे’. १९३९ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पहिलं वर्ल्डकॉन झालं, जेमतेम दोनशे माणसांचं. तिथे फॉरेस्ट अॅकरमन नावाचा चाहता भविष्यातल्या माणसाचा पोशाख घालून आला. संमेलनात असा पोशाख करून येणारा पहिला म्हणून पुढे अनेक वर्षं त्याचं एकट्याचं नाव घेतलं गेलं. पण तो पोशाख शिवला होता मर्टल डग्लसनं. या वर्तुळात तिला मोरोजो म्हणत. ती मर्टल आर. जोन्स हे नाव लावायची, आणि एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत त्याच्या आद्याक्षरांचा उच्चार तसा होतो. आणि तिनं फक्त त्याचा पोशाख शिवला नव्हता. स्वतःचाही शिवला होता आणि ती तो घालून तिथे हजर होती. फोटोत दोघं आहेत. ती १९६४ साली गेली. सांगोवांगीच्या इतिहासातून ती गळली होती, कुणीतरी हौसेनं काढलेल्या फोटोंत टिकली. तो फोटो काढणाऱ्याला त्या दिवशी तरी कुठे माहीत होतं की आपण काय काढतोय?

बॉस्टनला सन्माननीय पाहुणे चार होते. लेखक टेरी प्रॅचेट आणि विल्यम टेन, आणि चाहत्यांमधले जॅक स्पीअर आणि पीटर वेस्टन. स्पीअरनं १९४४ साली या चाहत्यांच्या जगाचा पहिला कोश तयार केला होता. वेस्टन म्हणजे वर्ल्डकॉनमध्ये विज्ञानकथेसाठी देतात त्या ह्यूगो पुरस्काराची ती चकचकीत रॉकेटं वर्षानुवर्षं ओतून देणारा माणूस. स्पीअर २००८ मध्ये गेला, टेन २०१० मध्ये, प्रॅचेट २०१५ मध्ये, वेस्टन २०१७ मध्ये. चौघांपैकी एकही आज नाही. माझ्या फोटोंत त्यांच्या मागेपुढे उभे असलेले चेहरे ओळखणारी माणसंही आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. म्हणून ही घाई आहे.

धूसरपणाचं म्हणाल तर खरं आहे, माझा कॅमेरा साधा रिळाचा होता. त्यात कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख उमटायची आणि बॅटरी बदलल्यावर ती परत लावायची मी विसरले. त्यामुळे निम्म्या प्रिंटवर १९९८ चा जानेवारी आहे! नुसता फोटो पाठवला असता तर उद्या कुणीतरी तो बिनदिक्कत १९९८ मध्ये टाकला असता. घाईघाईनं केलेल्या स्कॅनमध्ये बॅज म्हणजे पांढरा ठिपका दिसतो. तोच प्रिंट ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला सहाशे ठिपके इतक्या बारकाईनं, घेतला तर त्यावरची अक्षरं लागतात आणि संमेलनही ओळखू येतं. व्हॉट्सअॅपवरून पाठवला की ती परत पुसली जातात. चिकट पानांच्या अल्बममधून प्रिंट सोडवायला मला दोन रविवार लागले. दात साफ करायचा दोरा मागून हळूहळू सरकवत एकेक सुटी केली. मागच्या बाजूला आता पेन्सिलनं लिहितेय, बॉलपेनची रेघ पुढून उमटते. डावीकडून उजवीकडे नावं, खोली, वार, फोटो कुणी काढला. ओळख पटली नसेल तिथे जागा कोरी ठेवायची, अंदाजानं नाव घालायचं नाही. चुकीचं नाव एकदा फोटोला चिकटलं की निघता निघत नाही.

मराठी मेळाव्यांबद्दल मी तुमच्याशी शंभर टक्के सहमत आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं कथा पाठवली होती, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. त्या काळातल्या कार्यक्रमांचे फोटो नक्की कुणाच्या तरी घरात असतील, माळ्यावर, बुरशी धरत. तुमच्या ओळखीत असे कुणी असतील तर मला कळवा, मी स्कॅनर घेऊन त्यांच्या घरी जाईन. फोटो त्यांच्या घराबाहेर न्यायचीही गरज नाही. पण ते काम करायचं म्हणून बॉस्टनचे फोटो अल्बममध्ये कुजू द्यायचे, हे मला पटत नाही. तिथे मी होते. ते माझ्याशिवाय कुणी देऊ शकणार नाही.

त्या बाईला काल मेल केलाय. फोटो जोडलाय आणि विचारलंय की द्यायचा का, आणि दिला तर कुठल्या नावानं. तिचं उत्तर येईपर्यंत तो प्रिंट वेगळ्या पाकिटात आहे. मागे पेन्सिलनं फक्त बॅजवरचं नाव लिहिलंय.