तक्रार खरी, पत्ता चुकीचा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे नेत्यांना शिव्या घालणं हा टपरीवरचा रोजचा कार्यक्रम. समितीवाल्यांनी (म्हणजे हा भाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीनं) राष्ट्रीय पक्षांना, राष्ट्रीय पक्षवाल्यांनी समितीला आणि उरलेला वेळ कमळ-हात एकमेकांना. यात तथ्य किती आणि नुसती खुन्नस किती, असं विचारलं की दोन्हीकडचे अंगावर येतात.

माझं मत असं, की या द्वेषाच्या मुळाशी बहुतेक वेळा खरी तक्रार असते. ‘सगळं निराधार आहे, लोक उगाच भांडतात’ हे शहाण्यांचं बोलणं मला पटत नाही. पण ती तक्रार भलत्याच्या नावावर टाकलेली असते आणि जबाबदार माणूस निवांत बसतो.

ऊसबिलाचंच घ्या. अथणी, चिक्कोडी, गोकाक भागात साखर कारखान्याचे चेअरमन, संचालक आणि आमदार पुष्कळदा एकाच घरातले. त्यामुळे बिल थकलं की शिवी थेट पक्षाला. आता कागद बघा. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्रानं एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, ठरवली ती 10.25 टक्के साखर उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे 355 रुपये, आणि त्यापुढच्या दर 0.1 टक्क्याला 3.46 रुपये जादा. उतारा 11.25 असेल तर टनाला 3,896 रुपये होतात. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, आणि खरा घोळ या दोन आकड्यांत असतो: उतारा किती दाखवला आणि तोडणी-वाहतूक किती कापली. यावर टपरीवर कुणी बोलत नाही.

पुढचा नियम 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाचा. ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज. 1 लाख 20 हजारांचं बिल त्या 14 दिवसांनंतर आणखी 60 दिवस लटकलं, तर व्याज 2,959 रुपये होतं. ते मागायला काटा पावती लागते, तारखेसकट. पावत्या गाडीवाल्याकडेच राहिल्या की पुढचं सगळं तोंडी, आणि तोंडी हिशेबात शेतकरी कधीच जिंकत नाही. थोडक्यात, किमान दर ठरवते दिल्ली, पैसे देतो कारखाना आणि थकले तर महसुली थकबाकीसारखी वसुली लावायची राज्य सरकारनं. आपल्याकडे दर कमी म्हणून आमदाराला शिव्या आणि बिल थकलं म्हणून पंतप्रधानांना! दोन्ही उलटं. कारखान्याच्या चेअरमनला याहून सोयीचं काय असणार?

सीमाप्रश्नाचंही तेच. महाजन म्हटलं की आपला मराठी माणूस पेटतो. त्याचं कारण खरं आहे, मेहेरचंद महाजन आयोगानं 1967 च्या अहवालात बेळगाव कर्नाटकातच ठेवलं. पण त्याच अहवालात 264 गावं महाराष्ट्राला द्यायला सांगितली होती, त्यांत निपाणी, खानापूर आणि नंदगड होतं. आयोग नेमला गेला तोही सेनापती बापटांच्या उपोषणानंतर, महाराष्ट्राच्याच आग्रहानं. अहवाल महाराष्ट्रानं नाकारला. तो निर्णय बरोबर की चूक यावर वाद घालायला भरपूर जागा आहे, घालाच. पण अहवाल न बघता आयुष्यभर एका नावाचा राग धरणं, याला माझ्या लेखी काही किंमत नाही.

आज हा प्रश्न महाराष्ट्रानं 2004 मध्ये राज्यघटनेच्या कलम 131 खाली सर्वोच्च न्यायालयात घातलेल्या दाव्यात आहे. राज्याच्या सीमा बदलायचा अधिकार कलम 3 प्रमाणे संसदेचा. बेळगावच्या 18 आमदारांपैकी एकाच्याही हातात हे नाही, महापौराच्या तर नाहीच. सरकारी परिपत्रकं मराठीत मिळण्याचं मात्र वेगळं. तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक किमान 15 टक्के असतील, तर महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या, हे केंद्र आणि राज्यांनी मिळून मान्य केलेलं संरक्षण आहे. ते कायद्याचं कलम नाही, म्हणून टाळाटाळ सोपी जाते. इथे आमदारावर, जिल्हाधिकाऱ्यांवर राग धरला तर तो शंभर टक्के रास्त. गंमत अशी, की सीमेवरून आमदाराचा उद्धार करणारे परिपत्रकांसाठी त्याच्या दारात जात नाहीत.

आता पक्षाच्या चष्म्याबद्दल. जेफ्री कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा 2003 मध्ये छापून आलेला प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना सरकारी मदतीची एक योजना दाखवली आणि कुणाला सांगितलं की ती तुमच्या पक्षाची, कुणाला सांगितलं विरोधकांची. मतं योजनेतल्या मजकुरावर कमी आणि पक्षाच्या नावावर जास्त ठरली. वर प्रत्येकजण सांगत होता, मी योजना बघूनच ठरवलं.

हा प्रयोग आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांवर आयता झाला. पाटीवर 60 टक्के कन्नड हवं, ही दुरुस्ती 2024 मध्ये काँग्रेस सरकारनं केली. ज्या कायद्यात ती केली, तो कन्नड भाषा विकासाचा कायदा आणला भाजप सरकारनं. कन्नडसक्तीचा राग असेल तर तो दोघांवर सारखाच हवा ना? भाजपवाल्या मराठी पोरांच्या फेसबुकच्या भिंतीवर फक्त 60 टक्के दिसतात, काँग्रेसवाल्यांच्या भिंतीवर फक्त मूळ कायदा. नाव झाकून मजकूर वाचायचा, एवढी साधी परीक्षा आहे. त्यात राग टिकला तर तो खरा.

आणि राग नेत्याचा असला तरी मार भलताच खातो. डिसेंबर 2022 मध्ये सीमावादावरून बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले, पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं. काही दिवसांत दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्री एका टेबलावर बसले, आणि नेत्यांच्या नावानं उघडलेल्या खोट्या ट्विटर खात्यांनी आगीत तेल ओतलं, असं केंद्रीय गृहमंत्र्यांनीच सांगितलं. काचा फुटल्या त्या ट्रकवाल्यांच्या.

तेव्हा शिवी घालायच्या आधी एक माहिती अधिकाराचा अर्ज टाका. कर्नाटकात फी 10 रुपये, मजकूर 150 शब्दांच्या आत. ‘आमदारांनी काय दिवे लावले’ असं विचारलंत तर हाती काही लागणार नाही. आमदार निधी वर्षाला 2 कोटी असतो. अमुक गावच्या अमुक रस्त्याला त्यातले किती मंजूर झाले, किती खर्ची पडले, कंत्राटदार कोण, काम पुरं झाल्याचा दाखला कोणत्या तारखेचा, असं नेमकं विचारा. 30 दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर त्याच खात्यातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील. उत्तर बहुधा कन्नडमध्ये येईल. त्याची तक्रार दुसऱ्या अर्जात करा, कारण एका अर्जात एकच विषय चालतो.