ग्रेट लेक्सवरच्या खलाशांच्या याद्यांबद्दल खुलासा

‘ग्रेट लेक्सवर काम केलेल्या प्रत्येक खलाशाचं नाव अमेरिकेच्या सरकारी यादीत असतं, नसेल तर तो खलाशी नव्हताच,’ असा मजकूर अमेरिका-कॅनडा सीमेजवळच्या या पाच मोठ्या सरोवरांबद्दल फिरतोय. हे खरं नाही. त्यापायी कुणी पणजोबांचा शोध अर्ध्यावर सोडू नये, म्हणून लिहितेय.

परदेशी सफरींवर खलाशांची नावं-सह्या असलेली करारपत्रं करावी लागायची, तशी सक्ती १८७० च्या दशकातल्या कायद्यांनी सरोवरांवरच्या जहाजांना घातली नव्हती. त्यामुळे डेकवरच्या साध्या गड्याचं नाव जहाजाच्या सरकारी कागदांवर सहसा यायचं नाही. जहाजाच्या नोंदणीपत्रात मालक, कप्तान, लांबी-रुंदी, डोलकाठ्या किती, अशी जहाजाचीच माहिती. परवान्याच्या नोंदी सापडतात त्या कप्तान, पायलट (जहाजाला वाट दाखवणारा), इंजिनिअर यांच्या.

मग शोधायचं कुठे? जनगणनेत. १८५० पासून तिथे पुरुषांचा व्यवसाय नावापुढे लिहिलेला आहे. पण १९०० पर्यंत जनगणनेची तारीख साधारण १ जून होती, म्हणजे जहाजांचा ऐन हंगाम! माणूस जहाजावर, घरी फक्त बायको-मुलं. तेव्हा बंदरातली खानावळवजा वसतिगृहंही तपासा. हिवाळ्यात पाणी गोठलं की मंडळी घरी परतायची, म्हणून बफेलो, क्लीव्हलँड, मिलवॉकी या सरोवरकाठच्या बंदरांच्या जुन्या शहर-डिरेक्टऱ्या (रहिवाशांची नावं, पत्ते, व्यवसाय छापलेली पुस्तकं) जरूर चाळा. नावापुढे ‘सेलर’ लिहिलेलं दिसतं.