रिपोर्ट मामांचा आहे

सांगलीच्या माझ्या मामांचं ऑपरेशन पुण्यात झालं. कॅन्सर मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत गेला होता, म्हणून मूत्राशयाबरोबर त्याखालची प्रोस्टेट ग्रंथीही काढली. पुरुषांमध्ये हे ऑपरेशन सहसा असंच करतात. मग बायोप्सीचा रिपोर्ट आला: प्रोस्टेटमध्येही कॅन्सर, छोटासा, ग्लिसन ३+३, म्हणजे सौम्य प्रतीचा. तेव्हापासून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच घोष चाललाय, "मामांना सांगायचं नाही." आणि जोडीला, डॉक्टरांच्या हे आधी लक्षात कसं आलं नाही?

डॉक्टरांवरचा राग तर मला अजिबात पटत नाही. अशा ऑपरेशनमध्ये काढलेल्या प्रोस्टेटचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की अनेक अभ्यासांत २० ते ५० टक्के पुरुषांमध्ये कॅन्सर सापडलेला आहे. बहुतेक वेळा तो इतका बारीक असतो की स्कॅनमध्ये दिसतही नाही. मामांचं पुढचं सगळं अवलंबून आहे ते मूत्राशयाच्या कॅन्सरवर, तो किती खोल गेला होता, लिम्फ नोडपर्यंत पोचला होता का, यावर. प्रोस्टेट तर गेलीच. आता अधूनमधून रक्तातली पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते प्रथिन) बघायची, इतकंच.

इकडे इंग्लंडमध्ये लीड्सला आमच्या शेजारच्या गृहस्थांचं अगदी हेच झालं. क्लिनिकचं पत्र त्यांच्या नावानं आलं, जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, प्रत गेली. ओट्याशी उभं राहून त्यांनी ते वाचलं, स्पेशालिस्ट नर्सला फोन केला, दोन प्रश्न विचारले आणि कुंपणाची झाडी कापायला बाहेर गेले. प्रोस्टेट कॅन्सरच्या उपचारांची तुलना करणाऱ्या याच देशातल्या प्रोटेक्ट चाचणीत १,६४३ पुरुष होते. कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाला रेडिएशन दिलं, कुणावर नुसतं लक्ष ठेवलं. सुमारे १५ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०२३ मध्ये निकाल आला, तर प्रोस्टेट कॅन्सरनं दगावलेले तिन्ही गटांत मिळून जेमतेम ३ टक्के. चाचणीत घेतलेल्या बहुतेकांचा आजार सुरुवातीचाच होता. हे मामांना ऐकवलं तर त्यांना धीरच येईल. लपवलं, तर एक दिवस फाइल हाती लागेल आणि 'पोरं काहीतरी भयंकर लपवतायत' एवढंच त्यांच्या मनात बसेल. उभी हयात कोर्टात कारकुनी केलेला माणूस आहे. कागद वाचल्याशिवाय ठेवत नाही.

हे मी लिहिलं, त्यावर दादाचं उत्तर आलं: "तिथं बसून बोलायला काय जातंय? रात्री लघवीची पिशवी कोण रिकामी करतं ते बघायला ये."

मला ते लागलं. मी लगेच लिहिलं की इथे स्टोमा नर्स (पोटावरच्या छिद्राची नि पिशवीची देखभाल बघणारी) शिकवते, पिशव्या घरपोच येतात. खरंच येतात. पण त्या शेजाऱ्यांना वॉर्डात भेटायला यायचं कोण, तर आम्ही दोघं आणि चर्चमधली एक बाई, हे मी लिहिलं नाही. मामांच्या खोलीबाहेर रात्री सतरंजी टाकून मामी झोपायची, दादा पहाटेच्या एसटीनं डबा घेऊन यायचा. त्या पाळ्यांमध्ये माझं नाव कुठेच नव्हतं. आजोळच्या निर्णयात मला अजून भाची म्हणून मोजावं असं फार वाटतं, आणि मोजत नाहीत म्हणून मी नर्स नि आकडे पुढे करते. माझ्याकडे द्यायला तेवढंच उरलंय.

तरीही दादा, माझं म्हणणं मी मागे घेत नाही. पुढच्या भेटीला मामांना बाहेरच्या बाकड्यावर बसवून तू एकटा आत जाऊ नकोस. रिपोर्ट त्यांच्या हातात दे, आणि पीएसए कधी करायची ते डॉक्टरांना त्यांनाच विचारू दे.