आवाज नेमका कुठला?

गाडीतल्या आवाजाची मोठी अडचण ही की, तो गाडी पळत असतानाच ऐकू येतो आणि त्याचे मूळ मात्र गाडी उभी केल्यावरच हाती लागते. मधल्या काळात गाडीत बसलेल्या प्रत्येकाला तज्ज्ञ होण्याची संधी मिळते, आणि आमच्या घरात अशी संधी कोणी वाया घालवत नाही.

गुहागरहून गणपतीपुळ्याला जाताना तवसाळ-जयगडची फेरीबोट सोयीची पडते. परंतु चाकांवर चालणारी वस्तू पाण्यावरून नेऊ नये, असे माझ्या काकांचे ठाम मत असल्यामुळे आम्ही चिपळूणला येऊन महामार्ग धरला. २०१० साली या महामार्गाचा क्रमांक बदलून ६६ झाला, ही गोष्टही काकांनी अद्याप मान्य केलेली नाही. ते त्याला ‘सतरा नंबर’च म्हणतात. सावर्डे मागे पडले, कामासाठी पसरलेल्या खडीचा एक पट्टा ओलांडला आणि खोबरे संपल्यावरही खवणी करवंटीवर चालत राहावी तसा खर्र खर्र आवाज पुढच्या बाजूने सुरू झाला.

पहिला संशय अर्थातच रस्त्यावर घेण्यात आला. काँक्रीटवर टायर घुमतात आणि डांबरावर गप्प होतात, हा या भागातला नेहमीचा अनुभव आहे. पण काँक्रीट संपून डांबर लागले तरी आवाज होता तसाच राहिला, तेव्हा रस्त्याची निर्दोष मुक्तता झाली. अशी पाळी त्या रस्त्यावर प्रथमच आली असावी.

मग पत्नीने गंजाचा मुद्दा मांडला. गाडी रात्रभर गुहागरला समुद्राजवळ उभी होती, आणि खाऱ्या दमट हवेत ब्रेकच्या डिस्कवर एका रात्रीत तांबूस थर चढतो, हे खरेच आहे. मात्र सकाळी निघाल्यावर चार-सहा वेळा ब्रेक दाबला की पॅड तो थर खरवडून काढतात, आणि आम्ही तर चिपळूणच्या बाजारातच शंभर वेळा ब्रेक दाबले होते. काकांनी लगेच ‘पॅड संपले’ असा निकाल दिला. पॅड पुरते झिजले की मागची लोखंडी पट्टी डिस्कवर घासते, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. फक्त तसे झाले असते तर ब्रेक दाबताच आवाज वाढायला हवा होता, आणि आमचा आवाज ब्रेक दाबला की किंचित नरमत होता.

संगमेश्वरच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, तेव्हा मी पद्धतशीर तपासणीला सुरुवात केली. क्लच दाबून पाहिला, फरक पडला नाही. वेग तोच ठेवून गिअर बदलला, इंजिनाचा सूर चढला, खरखर मात्र आपल्याच लयीत चालू राहिली. गाडी हळू केली की ती हळू होई आणि वेग वाढवला की घाईवर येई. म्हणजे इंजिन सुटले, दोष चाकापाशी होता. हे मी जाहीर करताच मेहुणा म्हणाला, ‘‘दाजी, बेअरिंगच गेलंय, लिहून घ्या.’’ उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो आणि डावीकडे वळताना उजव्या चाकांवर. ज्या बाजूचे बेअरिंग खराब असेल, त्या बाजूवर भार आला की घरघर वाढते. निवळी घाटात वळणांची वानवा नव्हती. प्रत्येक वळणावर चौघेही श्वास रोखून ऐकत होतो आणि प्रत्येक वळणानंतर चार वेगवेगळे निष्कर्ष बाहेर पडत होते.

निवळी फाट्यावरून आत वळल्यावर मला एक जुनी युक्ती आठवली. रस्त्याला लागून भिंत असली की चाकाचा आवाज तिच्यावर आपटून परत येतो, आणि आमच्याकडे चिऱ्यांच्या गडग्यांना तोटा नाही. काचा खाली करून मी डाव्या अंगाच्या एका लांबलचक गडग्याला लागून सावकाश गाडी नेली. आवाज इतका खणखणीत परत आला की आंगणात सुपाऱ्या पसरत बसलेल्या आजीबाई हातातले काम टाकून उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘अहो, तुमचं काहीतरी घासतंय!’’ पुढचे डावे चाक, हे नक्की झाले.

जाकादेवीजवळच्या गॅरेजात शिरताच आवाज बंद पडला. अशा वेळी मिस्त्रीपुढे आपण तोंडाने जो खर्र आवाज काढून दाखवतो, तो तीन माणसांनी तीन प्रकारे काढला. मिस्त्रीने शांतपणे ऐकून घेतले, गाडी थोडी मागे-पुढे घ्यायला लावली आणि जॅक लावून चाक उचलले. वर-खाली धरून हलवले, खेळ नव्हता. हाताने फिरवले आणि खर्र झाले! चाक उतरवून त्याने डिस्कच्या मागच्या पातळ पत्र्याआड बॅटरीचा उजेड टाकला, स्क्रूड्रायव्हरने पत्रा जरासा वाकवला आणि वाटाण्याएवढा एक काळा खडा तळहातावर घेतला. त्याची एक बाजू घासून आरशासारखी चकचकीत झाली होती.

‘‘रस्त्याच्या कामाची खडी आहे. जांभ्याचा तुकडा असता तर एव्हाना पीठ होऊन गळून पडला असता,’’ मिस्त्री म्हणाला. मग पॅडकडे बघत त्याने पुस्ती जोडली, ‘‘हे पण पावसाळ्याच्या आत बदला.’’ काकांनी सर्वांकडे आळीपाळीने पाहिले. ‘‘आणि कडेला गंजही दिसतोय,’’ पत्नी म्हणाली. बेअरिंग ठणठणीत असल्यामुळे मेहुण्याजवळ बोलण्यासारखे काही उरले नव्हते. त्याने खड्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, ‘बेअरिंगजवळ सापडला’.

मी पाकीट काढले तेव्हा मिस्त्री म्हणाला, ‘‘खड्याचे कसले पैसे घ्यायचे?’’ मात्र तेवढ्यात त्याने डिकी उघडून स्टेपनी दाबून पाहिली होती. तिच्यात हवा नव्हती, पंक्चर होते, आणि ते काढण्याचे पैसे त्याने रीतसर घेतले.