पीपीसीच्या गोणीवरचा आरोप

घर बांधणाऱ्यांच्या गटांमध्ये गेली काही वर्षे एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: "पीपीसी म्हणजे वीजकेंद्राची राख घातलेले भेसळीचे सिमेंट. त्याला ताकद नसते, त्यात सळई लवकर गंजते, आणि पर्यावरणाचे नाव पुढे करून कंपन्या फक्त आपला नफा वाढवतात. स्लॅबला ओपीसी ५३ ग्रेडच घ्या." पीपीसी म्हणजे पोर्टलंड पोझोलाना सिमेंट, आणि ओपीसी म्हणजे राख न मिसळलेले साधे पोर्टलंड सिमेंट; ५३ हा त्याचा ताकदीचा दर्जा. संदेशातले एकेक विधान तपासून पाहण्यासारखे आहे, कारण त्यात एक अर्धसत्यही दडलेले आहे.

पहिला मुद्दा भेसळीचा. भेसळ लपवून केली जाते. पीपीसीच्या गोणीवर मात्र आयएस १४८९ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि फ्लाय ॲशचा, म्हणजे या राखेचा, उल्लेख छापलेला असतो. या मानकानुसार राखेचे प्रमाण १५ ते ३५ टक्के असावे लागते. ही राख चुलीतली किंवा भांडी घासायची नव्हे. कोळशाची भुकटी जळताना धुरासोबत वर जाणारे, काचेसारखे गोल आणि अतिसूक्ष्म कण चिमणीच्या आधीच विद्युत यंत्रणेने पकडले जातात, ती ही राख. तिचे खरे काम काँक्रीटच्या पोटात चालते. सिमेंटमध्ये पाणी पडले की दोन पदार्थ तयार होतात: एक खडी-वाळूला घट्ट धरून ठेवणारा, आणि दुसरा, ताकदीत फारशी भर न घालणारा मोकळा चुना. राखेतली सिलिका या मोकळ्या चुन्याशी हळूहळू संयोग पावते आणि त्यातून पुन्हा पहिलाच, धरून ठेवणारा पदार्थ तयार होतो. इटलीत नेपल्सजवळच्या पोझ्झुओलीची ज्वालामुखीची राख चुन्यात कालवून रोमन गवंडी हेच साधत असत. पीपीसीमधला पहिला 'पी' पोर्टलंडचा असला, तरी दुसरा त्या गावाच्या नावावरून आलेल्या 'पोझोलाना'चा आहे.

दुसरा मुद्दा ताकदीचा, आणि अर्धसत्य इथेच आहे. मानकाने मागितलेली किमान ताकद पीपीसीसाठी ७ दिवसांना २२ आणि २८ दिवसांना ३३ मेगापास्कल (दाब सोसण्याचे माप) आहे; ओपीसी ५३ साठी हेच आकडे ३७ आणि ५३ आहेत. म्हणजे सुरुवातीला पीपीसी मागे असते, हे खरेच. पण राखेची क्रिया २८ दिवसांनंतरही चालू राहते, आणि घरगुती स्लॅबला बहुधा एम २० किंवा एम २५ काँक्रीट (म्हणजे २८ दिवसांना २० किंवा २५ मेगापास्कल ताकदीचे) लागते, जे योग्य प्रमाण ठेवले तर पीपीसीत व्यवस्थित मिळते. घोटाळा होतो तो घाईमुळे. काँक्रीटच्या कामाचे मानक असलेल्या आयएस ४५६ मध्ये सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचा तात्पुरता आधार, काढण्याचे दिवस साध्या ओपीसीला धरून दिले आहेत आणि दुसरे सिमेंट असल्यास त्यात बदल करावा, असे सांगितले आहे. पाणी मारण्यासाठी ओपीसीला किमान ७, तर पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत १४ दिवसांची शिफारस आहे. विदर्भातल्या मे महिन्यात स्लॅबवर वाफे बांधून चार दिवस पाणी साठवायचे, पाचव्या दिवशी ते सुकू द्यायचे आणि मग राखेला दोष द्यायचा, हा प्रकार मुकादमाला सोयीचा आहे, एवढेच. राखेचे नाव न घेता 'पीपीसीला जास्त दिवस पाणी मारा' एवढी एकच ओळ त्या संदेशात असती, तर तो उपयोगी ठरला असता.

सळई गंजण्याबाबत उत्तर सरळ 'हो' किंवा 'नाही' असे देता येत नाही. नीट पाणी मारलेल्या राखमिश्रित काँक्रीटमधली छिद्रे बारीक होतात आणि समुद्राकाठच्या हवेतले क्लोराइड सळईपर्यंत सावकाश पोहोचतात, म्हणून कोकण-गोव्यात हे सिमेंट उलट सोयीचे. लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेल्या स्लॅग सिमेंटचाही हाच गुण आहे. मात्र चुना खर्च झालेला असल्याने, पाणी कमी मारलेल्या आणि कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) अपुरे असलेल्या काँक्रीटमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड लवकर आत शिरतो, आणि तिथे सळईला धोका असतो. राखेच्या प्रमाणाची भीती ज्याला वाटत असेल, त्याने घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पाची धरणे आठवावीत: तिथल्या रोलरने दाबलेल्या काँक्रीटमध्ये सिमेंटपेक्षा राखच जास्त होती. अर्थात धरण आणि घराचा स्लॅब यांची तुलना सरसकट करू नये.

उरला पर्यावरणाचा मुद्दा. सिमेंटचा मुख्य कच्चा माल म्हणजे चुनखडीचा दगड; शुद्ध चुनखडी भाजली की १०० किलोंतले ४४ किलो वायू होऊन उडून जातात. सुमारे १४५० अंशांच्या भट्टीचे इंधन वेगळेच. ५० किलोंच्या गोणीत १५ किलो राख असेल, तर केवळ दगडातून निघणारा ७ ते ८ किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. कंपनीचा खर्चही वाचतो, हे नाकारण्याचे कारण नाही. राख क्लिंकरपेक्षा, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या आणि दळून सिमेंट होणाऱ्या गोळ्यांपेक्षा, स्वस्तच असते. पण त्यामुळे दगडाचे रसायन बदलत नाही. चंद्रपूर, कोराडी, एकलहरे, परळी इथल्या राखेचे तळे भरत ठेवण्यापेक्षा ती गोणीत जाणे बरे. फक्त ती कारखान्यात तपासून मिसळलेली हवी. तळ्यातली जाडसर राख ट्रॉलीने आणून मिक्सरमध्ये ओतणारा ठेकेदार दिसला, तर मात्र 'भेसळ' हा शब्द खुशाल वापरावा.