शंभर पोरं आणायची कुठून?

चित्रकलेचा तास म्हणजे ऑफ तास, गणिताचा पोर्शन राहिला की सगळ्यात आधी तोच कापायचा, हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की आता शिक्षकच नाही तरी कोणी विचारत नाय. म्हणून जरा मोठं लिहितोय, वैतागू नका.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात सहावी ते आठवीसाठी कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांना अंशकालीन निदेशक द्यायचे असं आहे, पण कधी, तर पट १०० च्या वर असेल तेव्हा. म्हणजे शिक्षक पार्टटाइम, आणि त्यालाही शंभराची अट! आता आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीत एक वाडी डोंगराच्या या अंगाला, दुसरी व्हाळापलीकडे, अर्धी घरं मुंबईला कुलूप लावून गेलेली, गणपतीलाच उघडणार. अशा गावात वरच्या तीन वर्गांत मिळून शंभर पोरं आणायची कुठून? शहरातल्या शाळेला जो नियम साधा वाटतो तो इथे कात्रीसारखा चालतो आणि कोणी काही कापलं असं दिसतही नाय. संचमान्यतेच्या (म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवणाऱ्या) कागदावर पदच नसतं, मग ओरडायचं कोणाच्या नावाने? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात कला आणि विज्ञान यांच्यात भिंत नको म्हटलंय. छान आहे. भिंत नको, पण माणूस तरी द्या.

"चित्रां काढून पोट भरतला काय?" हे ऐकून ऐकून कान किटले. अरे बाबा, अख्ख्या कोकणाचा गणपती कोण करतो? पेणला त्यावर गावंच्या गावं जगतात. आपल्याकडे नागपंचमीच्या आसपास गणपतीच्या शाळेत (म्हणजे मूर्ती बनवतात तिथे) जाऊन बघा, माती मळायला पोरं मिळतात, पण डोळ्यांची आखणी करणारा हात एखादाच, तोही साठीच्या पुढचा, आणि सगळा गाव त्याच्यासाठी खोळंबलेला. सावंतवाडीच्या गंजिफाचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांचं, तर जवळजवळ संपलंच होतं. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवींनी म्हाताऱ्या चिताऱ्याकडून ती कला शिकून घेतली, राजवाड्यात कारागीर बसवले, म्हणून आज ते गोल पत्ते दिसतात. दर वेळी राजवाडा धावून येणार आहे का? पिंगुळीत परशुराम गंगावणेंनी गुरांच्या गोठ्यात चित्रकथीचं (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची जुनी कला) म्युझियम केलं, २०२१ ला पद्मश्री मिळाली, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्याच तालुक्यातल्या किती पोरांनी ती चित्रं डोळ्यांनी बघितलीत, विचारा एकदा.

आणि प्रत्येक पोर चित्रकार होणार नाय हे मलाही कळतं. पण वस्तुचित्राला समोर तांब्या ठेवला की तो खरंच कसा दिसतो, सावली कुठल्या बाजूला पडते हे तासभर बघत बसावं लागतं. मोबाईलच्या काळात एवढा वेळ एका जागी बघायला दुसरं कोण शिकवतं सांगा.

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी परीक्षांबद्दल माझं मत जरा वाकडं आहे. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीला ७ मार्क, बी ला ५, सी ला ३, त्यामुळे पालक क्लास लावतात, पोरं एकच निसर्गचित्र पाठ करून जातात (नारळ, होडी, मावळता सूर्य, ठरलेलं) आणि रिझल्ट लागला की ब्रश माळ्यावर. मला हे आवडत नाय. पण ते मार्क काढले तर उरलेसुरले ड्रॉइंग मास्तरही जातील, म्हणून गप्प बसतो.

माझं म्हणणं एवढंच, पट शाळेचा मोजू नका, केंद्राचा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा मोजा. एका केंद्रातल्या सगळ्या शाळांची पोरं एकत्र धरली तर बऱ्याच ठिकाणी शंभराचा आकडा सहज पार होईल. एक कलाशिक्षक, रोज वेगळी शाळा. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या मीटिंगमध्ये हा ठराव मांडा, ग्रामसभेतही मांडा. आणि ठरावात पेट्रोलचे पैसे वेगळे लिहून घ्या, नायतर आपल्या चढउतारांच्या रस्त्यांवर तो मास्तर दिवाळीपर्यंतही टिकायचा नाय.