विमानाच्या खिडकीला काळी फिल्म मारू नका रे बापा!

परवा पुन्हा कुणीतरी तेच केलं. धावपट्टीच्या कडेला उघड्यावर उभ्या असलेल्या चार सीटच्या विमानाच्या बाजूच्या खिडक्यांना कार डेकोरवाल्याकडून काळी फिल्म मारून घेतली. काहून? तर आत लय तापते म्हणून. तापते हे मान्य. मे महिना आहे, पारा ४५ वर आहे, विदर्भात आणखी काय होणार? पण फिल्म? अन् मारली कशी, तर कारला मारतात तश्शीच. काचा पुसायच्या निळ्या स्प्रेने खिडकी पुसली, फिल्म चिकटवली, वरून हीट गन फिरवली आणि जादा कडा खिडकीवरच ब्लेड टेकवून कापल्या.

संताप कोणत्या गोष्टीचा करायचा, स्प्रेचा की ब्लेडचा? त्या खिडक्या अ‍ॅक्रिलिकच्या असतात, हे विमानाच्या आसपास वावरणाऱ्या प्रत्येकाला पाठ असायला पाहिजे. अमोनियावाला स्प्रे, थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल यातलं काहीही लागलं की अ‍ॅक्रिलिकच्या पृष्ठभागावर बारीक तडांचं जाळं धरतं. ते पॉलिशने जात नाही, आणि मावळतीच्या उन्हाकडे तोंड करून उतरताना त्या जाळ्यापलीकडचं काही दिसत नाही. अ‍ॅक्रिलिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं. हीट गनची हवा त्याच्या कितीतरी पुढे असते. ब्लेडने पडलेला ओरखडा म्हणजे तर तड कुठून सुरू करायची त्याची आखणीच. वर इंजिनाची थरथर आहेच. आणि अ‍ॅक्रिलिक तापलं की अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावतं, म्हणून चौकटीत त्याला सरकायला जागा ठेवलेली असते. काळी फिल्म ऊन शोषते, खिडकी स्वतःच तापते, मध्यभाग एकीकडे ताणतो आणि कडा दुसरीकडे. अ‍ॅक्रिलिकमधला ओलावा आणि वायू उष्णतेने बाहेर पडून फिल्मखाली फुगे धरतात, ते वेगळंच. मग कोणीतरी ती फिल्म नखाने सोलायला बसतो आणि गोंद काढायला पुन्हा थिनर आणतो.

लॉगबुकात याची नोंद कोण करणार? मंजूर आराखड्यात नसलेली वस्तू खिडकीवर चिकटवायची, आणि एएमईने (विमानाची देखभाल करणाऱ्या परवानाधारक अभियंत्याने) डोळे मिटून सही करायची? धावपट्टीवर घारी घिरट्या घालत असतात, वैमानिकाची नजर बाहेर हवी, आणि तुम्ही बाजूची खिडकीच अंधारी करून टाकता! कारच्या काचांवरच्या काळ्या फिल्मवर सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये बंदी घातली, तिथेही लोक सुधारले नाहीत. आता विमानंही सोडायची नाहीत का?

किती वेळा सांगायचं, ऊन खिडकीच्या बाहेर अडवा. भर दुपारी एक चौरस मीटरवर हजार वॉटच्या आसपास ऊन पडतं आणि स्वच्छ अ‍ॅक्रिलिक त्यातला बहुतेक प्रकाश आत सोडतं. म्हणजे केबिनमध्ये कुणी इस्त्री चालू करून ठेवून गेल्यासारखं. तो प्रकाश काळ्या ग्लेअरशील्डवर (विंडशील्डखाली, पॅनेलच्या वर असते ती झाकणी) आणि काळ्या रेक्झिनच्या सीटवर पडून उष्णता होतो, आणि ती उष्णता बाहेर जायला वाट नसते. एकदा आत शिरून उष्णता झालेलं ऊन पडद्याने, फिल्मने, पंख्याने मागे जात नाही.

कारमधला चंदेरी पडदा आतून विंडशील्डला चिकटवणारेही तितकेच दोषी. पडदा ऊन परत फेकतो हे खरं, पण तो अ‍ॅक्रिलिकला टेकला की मधली हवा कोंडून भट्टी होते, आणि विंडशील्ड दोन्ही बाजूंनी शेकतं. ग्लेअरशील्ड वाचतं, विंडशील्ड जातं. अगदीच नाइलाज असेल तर चार बोटं अंतर ठेवून लावा, टेकवू नका. रबरी कप लावून जाळ्या टांगणाऱ्यांनीही हेच ऐकावं.

बाहेरचं कव्हर म्हटलं की इकडे लगेच निळी ताडपत्री निघते. त्या ताडपत्रीच्या पितळी कड्या वाऱ्यावर खिडकीला आपटतात, खाली अडकलेली धूळ दिवसभर अ‍ॅक्रिलिक घासते, आणि पाऊस पडून गेला की आत ओल कोंडते. हवं ते असं: बाहेरून पांढरं किंवा चंदेरी, आतून मऊ अस्तर, पिटोट (वेग मोजायची नळी) आणि अँटेनासाठी नेमक्या जागी कापलेलं, पोटाखालून पट्टे घेऊन ताणून बसणारं. वाऱ्यात फडफडणारं कव्हर नसलेलं बरं. आणि घालण्याआधी विंडशील्ड भरपूर पाण्याने धुवा, दगडी कोळशाच्या आणि मातीच्या धुळीवर कोरडं फडकं कधीच फिरवू नका. हाताने, सौम्य साबणाने, अंगठी काढून, वर-खाली पुसा. गोल-गोल नको, गोल ओरखडे उन्हात सगळ्या बाजूंनी चमकतात. कव्हरचं अस्तर झटकून घ्या, जमिनीवर टाकू नका. एवढंही होत नाही?

विमान उभं करण्याची दिशा हा आणखी एक डोकेदुखीचा विषय. शेपूट उन्हाकडे करा, असं सगळे सांगतात. पण मेच्या शेवटच्या आठवड्यात, नवतपा लागतो तेव्हा, नागपूरच्या पट्ट्यात दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो. तेव्हा दिशेने काही फरक पडत नाही. वर पंख असलेल्या विमानाला थोडी सावली तरी मिळते, बबल कॅनोपीवाल्याचे (डोक्यावर पारदर्शक घुमट असलेल्याचे) हाल विचारू नका. दिशा महत्त्वाची दुपारी तीननंतर, सूर्य पश्चिमेला गेला की. आणि लूही पश्चिमेकडूनच वाहते, म्हणून बांधताना नाक पश्चिमेला करावं लागतं. वादळी वाऱ्यात विमान उलटण्यापेक्षा विंडशील्ड तापलेलं परवडलं. म्हणूनच कव्हर हवं, हे कोणी समजून घेत नाही.

उड्डाणाआधीही तोच घोळ. कव्हर आधी काढायचं, मग तेल बघायचं, मग फ्युएल ड्रेन (टाकीतलं थोडं इंधन काढून त्यात पाणी आहे का बघणं), मग फोटो काढत बसायचं! बाहेरची सगळी तपासणी कव्हर ठेवूनच करा, ब्रीफिंग सावलीत उरका. मग कव्हर काढा, दोन्ही दारं उघडी ठेवून गरम हवा जाऊ द्या (दार हातात धरून, वाऱ्याने बिजागरी वाकते), आतली तपासणी करा आणि लगेच स्टार्ट. एव्हिऑनिक्स (रेडिओ, जीपीएस वगैरे) इंजिन सुरू झाल्यावर. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेताना, खिडकी उघडी ठेवा. सेसना १७२एस मध्ये तर १६३ नॉटपर्यंत खिडकी उघडायला मॅन्युअलची परवानगी आहे. पट्ट्याच्या बकलवर आणि सीटवर पांढरा दुपट्टा टाका. टॅब्लेट ग्लेअरशील्डवर ठेवू नका. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला आहे, तो बंद पडणारच, मग चार्ट दिसत नाही म्हणून ओरडू नका.

आणि ती पायाशी येणारी गरम झुळूक! सगळे उन्हाला शिव्या घालतात, केबिन हीटची झडप कोणी बघत नाही. नॉब पॅनेलला टेकली म्हणजे झडप बंद झाली असं होत नाही. केबल नीट जुळवलेली नसेल तर फायरवॉलवरची (इंजिन आणि केबिनमधल्या आडभिंतीवरची) झडप फटीएवढी उघडी राहते आणि एक्झॉस्टभोवतीच्या खोळीतली हवा भर उन्हाळ्यात आत येत राहते. झडप पूर्ण बसल्यावरही नॉब आणि पॅनेलमध्ये थोडी जागा उरली पाहिजे. सायलेन्सरला तड असेल तर त्याच वाटेने कार्बन मोनॉक्साइड येतो. एएमईला हे दाखवायला काय जातं?

मागच्या सीटवर बर्फाचा डबा आणि पंखा ठेवणाऱ्यांनी हिशेब करावा. १० किलो बर्फ वितळताना साधारण ०.९ युनिट उष्णता घेतो. दीड किलोवॉट ऊन आत येत असेल तर अर्ध्या तासाच्या थोडं पुढे सगळं पाणी. वजनात धरा, बांधून ठेवा, आणि कोरडा बर्फ चुकूनही नको, बंद केबिनमध्ये त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. त्यापेक्षा सकाळी आठच्या आत उडा. हजार फूट उंचीच्या धावपट्टीवर ४५ अंशांना डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा विरळ झाल्याने विमानाला जाणवणारी उंची) ४,८०० फुटांच्या घरात जाते, दुपारी उडायचा हट्ट कशाला?

शेडला पैसे नाहीत म्हणतात. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या कलमांवर शेडनेट आहे, आणि लाखोंचं विमान उघड्यावर! सेसना १७२ चे पंख ११ मीटर, लांबी सव्वाआठ मीटर, उंची पावणेतीन मीटर. १४ बाय ११ मीटरचा लोखंडी सांगाडा, साडेतीन-चार मीटर उंच, वर पांढरं ७५ टक्के सावलीचं नेट, ते ताणायला मधून तारा, म्हणजे झोळ पडून पंखावर टेकणार नाही. खांब पंखाच्या टोकापासून दीड मीटर लांब, विमानतळाची लेखी परवानगी घेऊन, आणि काँक्रीटचा पाया जूनच्या पहिल्या वादळाआधी भरलेला.